तांदायापाच्या दरीतली साडेआठ सेंटिमीटरची जीभ

इक्वेडोरला जाणारे बहुतेक जण गालापागोसला जातात. आमचा मुक्काम मात्र राजधानी किटोच्या वायव्येला, अँडीजच्या पश्चिम उतारावरच्या ढगजंगलात, तांदायापाच्या दरीत होता. कारण होतं अनौरा फिस्टुलाटा हे दहा-बारा ग्रॅम वजनाचं मधुभक्षी वटवाघूळ. नेथन मुच्छाला, पात्रिसिओ मेना आणि लुइस आल्बुहा यांनी २००५ साली ही जात विज्ञानात नोंदवली. पुढच्याच वर्षी मुच्छालांनी तिची जीभ मोजून प्रसिद्ध केली. बाहेर काढलेली जीभ जवळजवळ साडेआठ सेंटिमीटर भरते, म्हणजे शरीराच्या लांबीच्या दीडपट. शरीराच्या मानाने इतकी लांब जीभ दुसऱ्या कुठल्याही सस्तन प्राण्याची नाही.

असं वटवाघूळ रानात शोधायचं कसं, ते तिथे गेल्यावर नीट कळतं. आभाळाकडे बघून ते सापडत नाही. आधी फुलं पाहायची, मग अंधार पडला की त्याच फुलांपाशी येऊन बसायचं.

निघण्याआधी

भारतीय पासपोर्टवर इक्वेडोरला व्हिसा लागतो. नियम बदलत असतात, त्यामुळे तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून ताजी माहिती घ्या. पीतज्वराची लस विसरू नका. इक्वेडोरहून भारतात परतताना या लशीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं, आणि ते नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. केंद्रांवर ठरावीक वारीच लस देतात, म्हणून महिनाभर आधीच चौकशी करावी.

तारखा ठरवताना कॅलेंडरवर अमावस्या बघा. चांदण्या रात्री अनेक जातींची वटवाघळं कमी फिरतात, आणि संशोधक त्यांना पकडायला लावतात ते जाळंही त्यांना उजेडात दिसतं. अमावस्येच्या आधीचे आणि नंतरचे पाच-सहा दिवस सगळ्यात चांगले.

चलन अमेरिकन डॉलरच आहे, २००० सालापासून. एक, पाच आणि दहाच्या नोटा भरपूर ठेवा. पन्नास-शंभरची नोट गावातल्या दुकानात कोणी घेत नाही.

पहिला दिवस: किटो

शहर २८५० मीटरवर आहे. पहिल्या दिवशी जिने चढतानाही धाप लागते, त्यामुळे त्या दिवशी काहीच ठरवू नये हे उत्तम. भरपूर पाणी प्यावं आणि रात्री हलकं जेवावं. हलकं म्हणजे लोक्रो दे पापा: बटाटा शिजवून घोटलेलं दाट सूप, त्यात ताज्या चीजचे तुकडे आणि वर अ‍ॅव्होकाडोच्या फोडी. त्याचा पिवळसर केशरी रंग शेंद्रीच्या बियांचा. तीच शेंद्री आपल्याकडे कुंपणाला दिसते आणि ती मूळची अमेरिका खंडातलीच.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावं. सूप बटाट्याचं असलं तरी पाणी कोंबडीचं असू शकतं. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हटलं तर कोंबडी मांसात धरत नाहीत. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन काल्दो दे पोयो’ असं पूर्ण सांगावं लागतं. याप्पिंगाचो, म्हणजे चीज भरलेली बटाट्याची टिक्की, आणि भाताबरोबर मेनेस्त्रा, म्हणजे मसुरीची दाट उसळ, हे दोन पदार्थ जवळपास सगळीकडे मिळतात.

दुसरा दिवस: यानाकोचा

हा थांबा वटवाघळासाठी नाही, पण वगळू नये. पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावर साधारण ३५०० मीटरवर होकोतोको संस्थेचं हे राखीव जंगल आहे. इथली मुख्य पायवाट जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे उंचीचा त्रास असला तरी हळूहळू चालता येतं. सकाळी आठच्या आत पोहोचलात तर धुकं चढण्याआधी दोन-तीन तास मिळतात. हातमोजे आणि वाऱ्याला अडवणारं जाकीट लागतंच.

इथे दिसतो तलवारचोच्या हमिंगबर्ड. शेपटी सोडून उरलेल्या शरीरापेक्षा त्याची चोच लांब असते. असं दुसऱ्या कुठल्याच पक्ष्याचं नाही. लांब नळीच्या कृष्णकमळाच्या फुलांमधला मध तो त्या चोचीनं काढतो. तो फांदीवर बसला की चोच वर उचलून बसतो, म्हणजे मानेवर ओझं येत नाही. चोचीनं पिसं साफ करणं त्याला जमत नाही, ते काम तो पायांनी करतो. तिथल्या बाकावर बसून हे अर्धा तास नुसतं बघावं.

खोल फुलातला मध काढायला पक्ष्यानं ते लांब अवजार कायम बाहेर मिरवायचं ठरवलं. खालच्या दरीतल्या वटवाघळानं तेच अवजार छातीत लपवलं. इतर वटवाघळांच्या जिभेचं मूळ तोंडाच्या मागच्या भागात असतं. फिस्टुलाटाची जीभ मात्र घशातून एका नळीत शिरून बरगड्यांच्या पिंजऱ्यात उतरते आणि तिचं मूळ हृदय आणि छातीचं हाड यांच्यामध्ये असतं. अशीच रचना खवले मांजरात आहे, जे कोकणातल्या रानात अजून तग धरून आहे. ते मुंग्या-वाळवी खातं, हे मध पितं. दोघांचं नातं दूरचं, पण जीभ साठवण्याची अडचण दोघांनी एकाच पद्धतीनं सोडवली.

तिसरा दिवस: नोनोचा जुना रस्ता, नानेगालितो, तांदायापा

किटोहून तांदायापाला दोन रस्त्यांनी जाता येतं. एक कालाकालीवरून जाणारा डांबरी हमरस्ता, दुसरा नोनोवरून जाणारा जुना कच्चा रस्ता. पक्षी बघणारे दुसरा घेतात. आम्हीही तोच घेतला, पण नोनोच्या पुढे दरड आली होती. माती मऊ, उतार उभा, पाऊस रोजचा, त्यामुळे हे तिथे नेहमीचंच. गाडी वळवून हमरस्त्यानं जाण्यात अर्धा दिवस गेला. निघताना चालकाला आदल्या रात्रीच्या पावसाबद्दल विचारायला लावा. जोरदार झाला असेल तर जुन्या रस्त्याचा नाद सोडा.

वळसा पडला म्हणून नानेगालितोला जेवण झालं, हा फायदाच. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर चीज घातलेली एम्पानादा तळत असतात, आणि बरोबर पानेलाचं गरम पाणी मिळतं. पानेला म्हणजे गूळच. खालच्या नानेगाल भागात ऊस होतो, तिथे तो बनतो.

टपरीवर भेटलेल्या एका दूधवाल्या शेतकऱ्यानं वटवाघळांचं नाव काढताच मान हलवली. त्याच्या वासरांना रक्तपिपासू वटवाघळं चावतात. मानेवर, खांद्यावर जखमा दिसतात आणि रेबीजची भीती असते. त्याचा राग खरा आहे, कारणही खरं आहे. अडचण अशी की गोठ्यातल्या एका जातीपायी गुहेतल्या किंवा पोकळ झाडातल्या सगळ्याच जातींना धूर दिला जातो, जाळलं जातं. आमच्या वाटाड्याने त्याला फोनवर दोन फोटो दाखवले. एकात आखूड, चपटं नाक आणि धारदार पुढचे दात, दुसऱ्यात निमुळतं लांब थोबाड आणि नाकाच्या टोकावर छोटं उभं पान. शेतकऱ्यानं दुसरा फोटो बराच वेळ मोठा करून पाहिला आणि म्हणाला, हे केळफुलावर येतं, हे ठाऊक आहे. वाद न घालता दोन फोटो दाखवणं, ही त्या वाटाड्याची पद्धत फार पटली.

तिसरी रात्र: पाण्याच्या बाटल्यांपाशी

तांदायापा दरीतल्या लॉजांवर दिवसा हमिंगबर्डसाठी साखरपाण्याच्या बाटल्या टांगतात. विषुववृत्त इतकं जवळ की वर्षभर सूर्य सव्वासहाच्या आसपासच मावळतो. पावणेसातला पूर्ण अंधार. त्यानंतर त्याच बाटल्यांवर वटवाघळं येतात आणि सकाळपर्यंत बाटल्या रिकाम्या होतात.

साखरपाण्याचं प्रमाण एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. रंग नको आणि मध तर अजिबात नको, त्याला लवकर बुरशी धरते. बाटली रोज गरम पाण्यानं धुवायची, नाहीतर पाणी आंबतं.

इथे बहुतेक वेळा फिस्टुलाटाची जवळची नातलग जात, जेफ्रॉयचं अनौरा, येतं. ते आकारानं मोठं असतं आणि त्याला शेपूट नसते. त्याची जीभ चार सेंटिमीटरच्या आसपास पोहोचते. फिस्टुलाटा त्याच्यापेक्षा लहान असतं. उडताना दोघांमधला फरक डोळ्यांना कळत नाही, त्यामुळे ‘पाहिलं’ असं लगेच वहीत लिहू नये.

अल्ट्रासाउंड डिटेक्टरचाही फार उपयोग नाही. ही वटवाघळं फार हळू आवाज काढतात, डिटेक्टर चार-पाच मीटरच्या आत धरला तरच काही पकडतो, आणि जे पकडतो त्यावरून जात ठरत नाही. त्या पैशात एक चांगला लाल झोताचा हेडलँप घ्या.

फोटो घ्यायचे असतील तर कॅमेरा तिपाईवर लावा, फोकस हाताने बाटलीच्या तोंडाच्या एक वीत मागे ठेवा, छिद्र एफ ११, आयएसओ ४०० ते ८००. दोन फ्लॅश बाजूंनी लावा आणि त्यांची ताकद एक-सोळांश किंवा त्याहून कमी ठेवा. चित्र गोठवतो तो फ्लॅश, शटर नव्हे, आणि फ्लॅशची ताकद जितकी कमी तितका त्याचा झोत आखूड. पूर्ण ताकदीवर पंख धुरकट येतात. इन्फ्रारेड किरण तुटला की कॅमेरा चालणारा ट्रिगर असेल तर उत्तम. धुक्यात मात्र थेंब त्या किरणाला अडवतात आणि कॅमेरा रिकाम्या हवेचे फोटो काढत बसतो. अशा रात्री ट्रिगर बंद करा.

चौथा दिवस: फूल

सकाळी वाटाड्या दरीच्या एका ओल्या कडेला घेऊन गेला. पूर्वी कधीतरी दरड कोसळून मोकळी झालेली जागा, तिथे नवी झुडपं उगवलेली. एकाच कुळातली बुर्मेइस्टेरा आणि सेंट्रोपोगॉन तिथे शेजारी शेजारी होती. कुळ तेच, ज्यात सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरची रानतंबाखू येते. कास किंवा महाबळेश्वरला तिचे उंच तुरे पाहिलेल्यांना या फुलांची ठेवण लगेच ओळखू येईल: पाकळ्यांची नळी आणि तिच्या वर एकमेकांना चिकटलेल्या परागकोशांची दुसरी नळी.

सेंट्रोपोगॉन निग्रिकान्सचं फूल न तोडता जवळून पाहण्यासारखं आहे. रंग फिकट, पक्ष्याला ओरडून बोलावणारा लाल नव्हे. देठ लांब, फूल पानांपासून दूर बाहेर धरलेलं, म्हणजे वटवाघळाला समोर तरंगायला जागा मिळते. आपल्याकडची फळवटवाघळं सावरीच्या किंवा टेटूच्या फुलांना पायांनी धरून लटकतात आणि मध पितात. इथली हवेतच स्थिर राहतात. फुलाची नळी ८ ते ९ सेंटिमीटर आणि मध तळाशी. या भागातल्या इतर दोन अनौरा जातींची जीभ तिथपर्यंत पोहोचूच शकत नाही. मुच्छालांनी पकडलेल्या वटवाघळांच्या अंगावरचे परागकण तपासले तेव्हा या फुलाचे कण फक्त फिस्टुलाटावरच मिळाले.

परागकोशांची नळी फुलाच्या तोंडावर पुढे वाकलेली असते. आधी ती पराग सोडते, मग आतली कुक्षी वाढून कण बाहेर ढकलते, आणि नंतर तीच कुक्षी उघडून दुसऱ्या फुलाचे कण घेते. म्हणजे प्रत्येक फूल आधी नर, मग मादी. वटवाघूळ तोंड आत दाबतं तेव्हा पराग त्याच्या कपाळावर बसतात. मुच्छाला आणि जेम्स थॉमसन यांनी २००९ साली दाखवलं की नळी लांब असली की वटवाघळाला तोंड अधिक जोरात आत घालावं लागतं आणि परागही जास्त पोहोचतात. त्यामुळे फूल लांब होत जातं, मागोमाग जीभही.

दिवसा फूल पाहून ठेवताना तीन गोष्टी टिपा: कोणती फुलं आज नर अवस्थेत आहेत, समोर किमान एक मीटर मोकळी हवा आहे का, आणि बसायला वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची कोरडी जागा कुठे आहे. फुलाला हात लावू नका. पराग सांडले तर ते फूल वाया जातं.

चौथी रात्र: जाळं आणि स्ट्रॉ

जाळं लावायला इक्वेडोरच्या पर्यावरण मंत्रालयाचा संशोधन परवाना लागतो. पर्यटकाने ते स्वतः करू नये, विचारही करू नये. आम्ही परवाना असलेल्या दोन तरुण संशोधकांच्या कामाला मदतनीस म्हणून गेलो होतो, तेही त्यांच्या अटींवर: रेबीजची लस आधी घेतलेली नसेल तर प्राण्याला हात नाही. ज्यांची लस झाली नव्हती त्यांनी नोंदवही सांभाळली.

जाळं काळं, १२ मीटर लांब, अडीच मीटर उंच, ३६ मिलिमीटरच्या डोळ्यांचं, आडव्या दोऱ्यांवर चार खिशांचं. ते फुलांपासून दोन मीटरवर, वाटेला आडवं लावलं. ताण फार दिला तर प्राणी आपटून परत उडतो. सैल सोडलं तर तो खिशात गुरफटतो आणि सोडवायला वेळ लागतो. दोरी बोटाने दाबली तर सावकाश परत यावी, एवढाच ताण. अंधार पडायला लागला की जाळं उघडायचं, आधी नाही, नाहीतर घरी परतणारे पक्षी अडकतात. दर दहा मिनिटांनी फेरी.

सव्वासातला धुकं आलं. जाळ्याच्या दोऱ्यांवर थेंब बसले की वटवाघळाला ते आवाजानंच कळतं, भिंत असल्यासारखं ते बाजूने वळतं. संशोधकांनी जाळं मिटवलं, झटकलं, पाऊण तासाने परत उघडलं. ही घाई न करणं महत्त्वाचं. ओल्या जाळ्यात अडकलेला प्राणी पटकन गारठतो.

साडेआठच्या फेरीत ते आलं. सोडवण्याचा क्रम ठरलेला: कोणत्या बाजूने शिरलं ते आधी बघायचं, मग पाय, मग एक पंख, मग दुसरा, डोकं शेवटी. पातळ हातमोजे घातलेल्या मुठीत मावणारा तपकिरी जीव. हेडलँपच्या उजेडात खालचा ओठ दिसला आणि ओळख पटली. तो वरच्या ओठाच्या तीन-चार मिलिमीटर पुढे येऊन सुरळीसारखा वळलेला होता. इतर अनौरांमध्ये हा ओठ असा नसतो.

मग मापं. स्प्रिंग काट्याला कापडी पिशवी लावून वजन, कॅलिपरने पंखाच्या हाडाची लांबी, मादी असेल तर गाभण किंवा दूध पाजणारी आहे का ते आधी पाहायचं आणि तशी असेल तर मापं न घेता सोडायचं. ही मादी नव्हती.

शेवटी स्ट्रॉ. पारदर्शक स्ट्रॉ एका बाजूने मेणाने बंद करून त्यावर दर पाच मिलिमीटरला खूण केलेली. त्यात वीस ग्रॅम साखर आणि ऐंशी मिलिलिटर पाण्याचं मिश्रण सिरिंजने काठोकाठ भरलं. स्ट्रॉ वटवाघळाच्या तोंडापुढे आडवा धरला. जीभ आत गेली आणि पाण्याची पातळी डोळ्यांदेखत मागे सरकली. इथे तीन गोष्टी बिघडतात. स्ट्रॉमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी फसवते, म्हणून सिरिंजची सुई तळापासून वर ओढत भरायचं. स्ट्रॉ खाली झुकला तर पाणी आपोआप तोंडाकडे येतं, म्हणून आडवा किंवा किंचित वर. आणि थोबाडाचं टोक स्ट्रॉच्या आत शिरलं तर ती लांबीही जिभेत धरली जाते, म्हणून ओठ जिथे थांबतो तिथे नखाने खूण करून ती वजा करायची. सगळं वजा करूनही पातळी आठ सेंटिमीटरच्या खुणेपलीकडे गेली होती.

मधावर जगणाऱ्या वटवाघळाला उपाशी ठेवता येत नाही. त्याची शक्ती फार लवकर संपते. मापं झाल्यावर पोटभर साखरपाणी पाजून, पकडल्यापासून चाळीस मिनिटांच्या आत ते सोडलं. हात उघडा ठेवायचा, फेकायचं नाही. ते स्वतःच उडतं.

पाचवा दिवस: पाऊस

दिवसभर मुसळधार. काम बंद. संध्याकाळी लॉजच्या ओट्यावर केळी ठेवलेल्या फांदीवर ओलिंगीतो आला. मांजराएवढा, तांबूस, जाड शेपटीचा. शास्त्रज्ञांनी त्याला वेगळी जात म्हणून २०१३ मध्ये ओळखलं, तेही आधी संग्रहालयातल्या कातड्या-कवट्यांवरून. त्याच दरीत, केळ्यासाठी, तो माणसांसमोर येतो हे खरोखर विलक्षण आहे. हातात गरम कानेलासो होता: दालचिनी, नारान्हिया फळाचा रस आणि उसाची दारू. दारू नको असेल तर ‘सिन पुंता’ सांगा.

संशोधकांशी बोलणं खाणीवर आलं. हा सगळा भाग चोको आंदिनो, २०१८ पासून युनेस्कोचं जैवमंडल राखीव क्षेत्र. २० ऑगस्ट २०२३ रोजी किटोच्या मतदारांनी इथे धातूंच्या खाणी नकोत असा कौल मोठ्या बहुमताने दिला. फिस्टुलाटाचा पहिला नमुना मात्र दक्षिणेच्या कोर्दियेरा देल कोंदोर डोंगररांगेतला आहे, पेरूच्या सीमेवर, आणि तिथे खाणी चालू आहेत. तो भाग इक्वेडोर आणि पेरू यांच्यातल्या १९९५ च्या सेनेपा युद्धाचा, जुने भूसुरुंग पेरलेला. स्थानिक परवानगी आणि जाणकार वाटाड्याशिवाय तिकडे जाण्याचा बेत करू नका. पश्चिम उतारावर हेच वटवाघूळ सुरक्षितपणे भेटतं.

सहावा दिवस: मिंदो आणि परत

मिंदो १२५० मीटरच्या आसपास, उबदार, गजबजलेलं. कोकोच्या शेंगा फोडून बिया आंबवण्यापासून वडीपर्यंतची प्रक्रिया दाखवणारी ठिकाणं आहेत. तासाभराची फेरी घ्यावी. बियांभोवतीचा पांढरा गर आंबटगोड लागतो, तो चाखायला मिळाला तर सोडू नका. किटोला परतणारी बस दोन तासांत उत्तरेच्या ओफेलिया स्थानकावर सोडते. रविवारी दुपारी जागा मिळत नाही, तिकीट सकाळीच काढून ठेवा.

ज्यांना फक्त तीन रात्री काढता येतील त्यांनी यानाकोचा आणि मिंदो गाळून तिन्ही रात्री तांदायापात काढाव्यात. जून ते सप्टेंबर पाऊस कमी असतो. लॉजला लिहिताना एकच प्रश्न आधी विचारा: सेंट्रोपोगॉन निग्रिकान्स सध्या फुलला आहे का, आणि पायवाटेपासून किती अंतरावर? उत्तर ‘हो’ आलं की मग तिकीट. आणि परतताना पिवळं कार्ड सामानात नको, हातातल्या पिशवीत ठेवा. मुंबईला उतरल्यावर सामान मिळण्याच्या आधी ते मागतात.